खांबाला बांधलेला स्पंज

आमच्या बसस्थानकाचं नूतनीकरण झालं तेव्हा फाटकापासून फलाटापर्यंत पिवळ्या फरशांची एक पट्टी टाकली गेली. बरेच महिने मी ती शोभेचीच समजत होतो. उभ्या रेघांची फरशी म्हणजे चालत राहा, गोल ठिपक्यांची म्हणजे थांब, पुढं काहीतरी आहे, हे मला माझ्या धाकट्या बहिणीनं सांगितलं. गावाचं नाव लिहीत नाही. जालना जिल्ह्यातलंच आहे, एवढं पुरे.

बहिणीची नजर तिशीच्या आत गेली. नंतर ती एका मोठ्या शहरात राहून पांढऱ्या काठीनं चालायला शिकली आणि जालन्याच्या एका बँकेत फोनवर ग्राहकांशी बोलण्याचं काम तिला मिळालं. तेही महिनाभर, अजमावून बघायला म्हणून. "रोज एकट्या येऊ शकलात तर पुढचं बघू," तिथले साहेब म्हणाले. "सोबत माणूस लागणार असेल तर आम्हाला जमणार नाही."

पहिल्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो. पट्टीवर पेरूंचा गाडा, दोन मोटारसायकली आणि मिरच्यांची पोती होती. पोत्यांवर पिंपळगाव रेणुकाईच्या गाडीची वाट बघणारी माणसं बसलेली. काठी पोत्याला लागली तशी एक बाई मला म्हणाली, "अहो, धरून न्या ना त्यांना! बघत काय राह्यले?"

"धरायचं न्हाई, मावशी," बहीण म्हणाली. "वाट सोडायची."

बस सुटताना तिनं मला बजावलं, "दादा, उद्यापासून तू येऊ नकोस."

तरी मी गेलो. माझं मोटार वायंडिंगचं दुकान उशिरा उघडतं. ती घरून निघायच्या आधी मी स्कूटरवर स्थानकात पोचायचो आणि पट्टी मोकळी करायचो. मोटारसायकली ओढायचो, पोती सरकवायचो, माणसांच्या विनवण्या करायचो. पेरूवाले चाचा पहिल्यांदा कुरकुरले, मग म्हणाले, "बहेन गेली का गाडा वापस लावू ना, भाई?"

"लावा," मी म्हणालो. हा शब्द मला अजून टोचतो.

चार-पाच दिवसांत अख्खं स्थानक सामील झालं. ती फाटकात दिसली की कोणीतरी हळूच सांगायचं, "आली, आली, उचला." ती बसमध्ये चढली की सगळं पुन्हा जागेवर यायचं. लोकांना त्यात पुण्य वाटत होतं. मलाही वाटत होतं, हे कबूल करतो. चहावाला मला म्हणायचा, "भाऊ असावा तर असा," आणि मी खाली मान घालून ते ऐकून घ्यायचो. आवडायचं.

एक गोष्ट मात्र मला हलवता येत नव्हती. वेळापत्रकाच्या फलकाचा लोखंडी खांब ऐन पट्टीत रोवला होता. त्याच्या आधी ठिपक्यांची फरशी नव्हती. रेघा सरळ खांबात शिरत होत्या आणि पलीकडून पुन्हा निघत होत्या. फलकाचा पत्र्याचा कोपरा बाजूला बरोबर कपाळाच्या उंचीवर आलेला. काठीला खांब कळतो, कोपरा कळत नाही. म्हणून ती तिथं यायच्या आधीच चहावाला हाक मारायचा, "ताई, इकडून या, गाडी लागली!" ती पट्टी सोडून आवाजाकडं वळायची.

या फलकाबद्दल मी तक्रार केली होती. स्थानकातले साहेब म्हणाले, "हे काम आमच्याकडं येत न्हाई. ठेकेदाराला विचारा." ठेकेदार म्हणाला, "नकाशात जिथं होता तिथंच लावला." पुन्हा साहेबांकडं गेलो तर म्हणाले, "वरून तपासणी येणारे. तेव्हा सांगा ना."

तपासणीला अधिकारी आले ते नेमके सकाळी. बहीण काठी टेकत फलाटावर पोचली तशी त्यांनी तिलाच विचारलं, "ताई, पट्टीचा उपयोग होतो का?"

"खूप होतो, सर. रोज एकटी येते. काहीच अडचण नाही."

तिच्या आवाजात असा ताठा मी पूर्वी ऐकला नव्हता. मी चहाच्या टपरीमागं उभा होतो. पुढं होऊन बोलायला हवं होतं. बोललो असतो तर तिचं एकटीनं येणं चार लोकांसमोर मोडलं असतं, असं मी मनाला समजावलं. खरं तर माझी लबाडी उघडी पडेल याची भीती जास्त होती. त्या संध्याकाळी ती घरी म्हणाली, "दादा, आपलं गाव सुधारलं बघ."

पुढच्या वेळी तक्रारीचं विचारायला गेलो तेव्हा साहेब हसले. "तुमच्या बहिणीनंच सांगितलं की सगळं बराबर हाय म्हणून. आता तुमची कशाची तक्रार?"

मग एक दिवस शेताच्या बांधाच्या वादाची तारीख निघाली आणि मला पहाटेच अंबडच्या कोर्टात जावं लागलं. त्या दिवशी चहावालाही गावाला गेला होता, आणि आम्ही दोघं नाही म्हटल्यावर बाकीच्यांनीही काही उचललं नाही. परत आलो तर बहीण कपाळाला पट्टी बांधून बसलेली. फलकाचा कोपरा लागून ती मोटारसायकलींवर पडली होती आणि काठी मधोमध वाकली होती. ती कामावर गेलीच नव्हती.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "रोजची वाट, दादा. आज पावलापावलाला अडखळले. मी कुठं वळले, काय केलं, काही कळत नाही. उद्या बँकेत सांगून टाकते, मला जमणार नाही म्हणून."

तेव्हा मी सांगितलं. गाडा, पोती, मोटारसायकली, चहावाल्याची हाक, सगळं.

तिनं वाकलेली काठी चाचपली. मग तिनं विचारलं, "किती जणांना माहीत होतं?"

"सगळ्यांना."

"आणि त्या अधिकाऱ्यांना मी सांगितलं, काही अडचण नाही. मंग आता ते माझं कशाला ऐकतील?"

 

दुसऱ्या दिवशी तिनं काठी माझ्याच दुकानात सरळ करून घेतली. निघताना म्हणाली, "यायचं तर ये. कशालाही हात लावायचा नाही." मी आलो. चाचा गाडा उचलायला धावले तर तिनं त्यांनाही थांबवलं. "राहू द्या, चाचा. मला कळू द्या काय काय हाय ते." प्रत्येक वस्तूला काठी लावत, वळसा घालत ती खांबापाशी पोचली. काठी खांबाला लागून टण् वाजली. तिनं हात वर करून पत्र्याचा कोपरा शोधला आणि तिथूनच स्थानकातल्या साहेबांना फोन लावला. "मी आधी चुकीचं सांगितलं होतं. या आणि बघा. तोवर मी इथंच उभी आहे."

साहेब आले नाहीत. तिची बस गेली. बँकेत उशीर झाला, त्याची नोंद झाली. ती मात्र रोज खांबापाशी थांबून फोन करते, मग टण् ऐकून वाकते आणि पुढं जाते.

परवा उपाय झाला. मोडीत निघालेल्या बसच्या सीटचा स्पंज आणून कोणीतरी खांबाला खालपासून सुतळीनं गच्च बांधला. पत्र्याचा कोपरा तसाच उघडा. साहेब मला फाटकातच भेटले. "केलं ना तुमचं काम? आता ताईला बिलकुल लागायचं न्हाई."

काल सकाळी तिची काठी स्पंजाला लागली. आवाज झाला नाही. पोतं असेल असं वाटून ती बाजूनं वळली, थेट त्या कोपऱ्याकडं. मी ओरडलो. ती जागच्या जागी थांबली, हात पुढं करून स्पंज चाचपला आणि तिला कळलं. महिना संपायला आता थोडेच दिवस उरलेत.

मी खिशातून पक्कड काढली, सुतळी तोडायला.

"ठेव ती, दादा," ती म्हणाली, आणि फोन लावला.