पूर्ण सूट

हसणार न्हाई असं आधी कबूल करा, मगच सांगतो. जाऊ दे, तुम्ही हसणारच. हसा. फक्त तोंडात चहा असताना हसू नका, समोर मी बसलोय.

एका शब्दानं माझी माती केली, बघा. आणि शब्द तरी कसला? रामनगरात माझं हार्डवेअरचं दुकान. खिळे, पत्रे, पाइप, सिमेंट. गिऱ्हाईक आलं की पहिलं तोंडातनं तोच शब्द काढतं. दिवसभर कानावर पडणारा शब्द, आणि त्यानंच मला खड्ड्यात घातलं!

पण सुरुवात विहिरीपासून करायला पाहिजे. माझी बायको मंगल, माहेर खानापूर तालुक्यातलं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सासरवाडीला गेलो. नवा जावई, नवी पँट, रुबाबात विहीर बघायला काठावर गेलो आणि पाय घसरून थेट आत. पोहता कुणाला येत होतं? मेहुण्यानं, म्हणजे मंगलच्या भावानं, नंदूनं, उडी मारून माझ्या काखेत दोर अडकवला आणि वरच्या चौघांनी ओढून काढलं. मी हळूहळू वर येतोय, पाणी गळतंय, डोळे फिरलेत. तेवढ्यात शेजारची एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, घागर आली वर!"

संपलं! त्या दिवसापासनं त्या गावात मी घागरभावजी. लग्नात घागरभावजी, बारशात घागरभावजी. परवा एका मयतीला गेलो तर तिथंही एकानं हळूच विचारलं, "घागरभावजी आल्यात न्हवं?" सांगा, माणसानं किती सोसायचं?

मागच्या साली डॉक्टरच्या सांगण्यावरनं मी सायकल मारायला लागलो, मग पळायलाही लागलो. पोट आत गेलं, हुरूप आला. एकदा सासरवाडीला जेवताना कुणीतरी मोबाईलवर ट्रायथलॉन दाखवली. आधी पोहायचं, लगेच सायकल, लगेच पळायचं, तेही लांबच लांब. मी म्हटलं, हे जमण्यासारखं हाय.

नंदू भाताचा घास हातात धरून हसला. "भावजी, सायकल माराल, पळाल बी. पर पाणी? पाणी सोडा की ओ."

"का सोडू?"

"दोर घेऊन कोण येणार मागनं?"

सगळी पंगत हसली. सासूबाईसुद्धा पदर लावून हसल्या. माझ्या डोक्यात सणक गेली. म्हटलं, "नंदू, तुमा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाण्यात उतरतो आणि पोहून वर येतो. घागर म्हणायचं बंद कराल का न्हाई?"

"डोळ्यांनी बघितलं तर बंद. आईची शपथ."

झालं. कोल्हापूरकडच्या एका धरणावर हिवाळ्यात अशी लांबची स्पर्धा असते, तिथं नाव घातलं. पोहायला शिकवलं मंगलनं. ती त्याच विहिरीत लहानपणापासनं सूर मारणारी. माझ्या पाठीला रिकामा डबा बांधून तिनं मला गावच्या तळ्यात ढकललं. काठावर बसून ओरडायची, "पाय मारा! पाय! कणीक मळताय काय?" म्हशीसुद्धा मान वळवून बघायच्या. पण मी हटलो न्हाई. रोज पहाटे तळं, मग दुकान. एक दिवस डबा सुटला आणि मला कळलंही न्हाई, मी आपला पोहतोय! काठावर येऊन बघतो तर मंगलच्या डोळ्यांत पाणी. मग मला काय, समुद्र बी लहानच वाटायला लागला.

आता सामान. सायकल घ्यायला बेळगावला गेलो. दुकानदारानं एका बोटावर सायकल उचलून दाखवली.

मी विचारलं, "स्टँड?"

"न्हाई."

"कॅरिअर?"

"न्हाई."

"मडगार्ड, घंटी?"

"न्हाई ओ."

"मग एवढ्या पैशात देतासा तरी काय?"

तो म्हणाला, "वजन कमी देतो की!" घ्या. आम्ही दुकानदारांनी वजन कमी दिलं की गिऱ्हाईक भांडतं, आणि ह्याला त्याचेच जास्त पैसे मिळतात. त्यानं एक खाली वाकलेल्या दांड्याची चकाचक सायकल दाखवली. बसलो तर नाक पुढच्या चाकाला टेकायला आलं. म्हटलं, ही तासाभराला ठीक हाय, मला अर्धा दिवस बसायचंय. शेवटी पाठीला सोसवणारी घेतली, मागं मोठ्या चकतीची. अनमोड घाटात चढायला हलकी जाते. पैसे पुष्कळ गेले, पण पाठ आजतागायत कुरकुरली न्हाई. सोबत आत उशी शिवलेली चड्डी घेतली. मंगलनं ती दोरीवर वाळत घातली तर शेजारीण विचारून गेली, "लहान बाळ आलंय काय गं घरात?"

राहिला पोहण्याचा पोशाख. मोबाईलवर बघितलं तर त्यासाठी रबरी अंगरखा असतो. वेटसूट म्हणतात. थंडी वाजत न्हाई, आणि तो घातला की माणूस आपसूक तरंगतो. तरंगतो! मला तेवढंच पाहिजे होतं. पण विकत घ्यायचा तर सायकलीनंतर खिशात उरलंय काय? कुणीतरी म्हणालं, स्पर्धावाल्यांकडं भाड्यानं मिळतो. मी लगेच फोन लावला.

आमच्या दुकानात रेंज कशी असते तुम्हाला ठाऊक हाय. सिमेंटच्या पोत्यांवर उभा राहून बोलत होतो. पलीकडं पुण्याच्या एक मॅडम.

"नमस्कार मॅडम. मला पोहण्यासाठी सूट मिळेल काय?"

"सूट? मिळू शकते. दरवर्षी एक-दोघांना देतो आम्ही."

एवढी मोठी स्पर्धा आणि सूट दोनच? म्हटलं, "मग माझं नाव आधी लिवा मॅडम!"

"पण कारण काय तुमचं?"

"कारण म्हणजे... पाण्याचं आमचं जरा जुनं दुखणं हाय."

"अरे बापरे. मग मला तुमच्या डॉक्टरांशी बोलावं लागेल."

मी म्हटलं, पुण्याची माणसं, रबर अंगाला मानवतं का बघत असतील. "बोलवितो की. काय अडचण न्हाई."

"आणि अर्धी हवी की पूर्ण?"

इथं जरा थांबा. अर्धी! आता सूट हा तो असतो, एवढं मलाही कळतं. पण आमच्या भागात एका बाजूला कन्नड, एका बाजूला कोकणी. त्यामुळं आमच्या मराठीत ट्रक कधी येतो, कधी येते. आम्हाला कुणी नावं ठेवली की राग येतो, आणि इथं पुण्याची बाई चुकत होती! मला असा आनंद झाला म्हणून सांगू! पण मी मोठ्या मनानं तिची चूक काढली न्हाई. अर्धा म्हणजे बिनबाह्यांचा, पूर्ण म्हणजे हातापायांचा, हे मी व्हिडिओत बघितलं होतं.

"पूर्ण, मॅडम! अर्धवट काम आपल्याला जमत न्हाई."

"ठीक. पूर्ण सूट असली की मग अंगाला पाणी लागायचा प्रश्नच नाही."

"तेच पाहिजे!" मी पोत्यावरनं ओरडलो.

दुसऱ्या दिवशी जोयड्याला माझ्या डॉक्टरांकडं. माणूस देवासारखा, पण धारवाडकडचा, मराठी बेताची. मी फोन लावून दिला. त्यांनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, "विनायिती पाहिजे काय तुम्हाला?"

मला ऐकू आलं विनंती. म्हटलं, "व्हय सर, विनंतीच हाय. तुमी बी माझ्या वतीनं करा की."

त्यांनी इंग्रजीत भडाभडा केली. मी तिकडं शर्टाची बटनं लावत होतो. फोन ठेवून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चांगला निर्णय. ह्या वयात असंच पाहिजे." मी त्यांच्या पाया पडलो. विनायिती म्हणजे कन्नडात सवलत, माफी, हे मला ठाऊक नव्हतं असं न्हाई. सरकारी पाटीवर रोज वाचतो. पण त्या घडीला डोक्यात सगळं रबरच भरलं होतं.

सासरवाडीला फोन करून सांगितलं, "नंदू, मला पूर्ण सूट मिळाली बघ!" हो, मीसुद्धा मिळाली म्हणालो. मॅडमची चूक मलाही चिकटली होती.

नंदू एकदम मऊ आवाजात म्हणाला, "बरं केलासा भावजी. शाणपणा केलासा."

सासूबाईंनी फोन ओढून घेतला. "जावईबापू, जिवाचा घोर गेला बघा. मी नारळ वाढवते देवाला."

"घोर कसला मामी? सूट असल्यावर भ्यायचं काय?"

"तेच की! तेच की!"

मला वाटलं, बघा, नुसत्या सूटचं नाव काढलं तर सासरवाडी किती सरळ झाली.

स्पर्धेच्या दिवशी पहाटेच सगळे जीप करून हजर. सासूबाई, नंदू, काका, मावश्या. मी नंदूला धरणाच्या काठावर एक दगड दाखवला. "इथं बसून डोळे फाडून बघ," म्हटलं, आणि मॅडमच्या टेबलापाशी गेलो.

"मॅडम, मी रामनगरचा. सूटवाला."

"हो, हो! तुमची पूर्ण सूट मंजूर आहे. आता निवांत बसा."

"बसतो. पण सूट द्या की."

"दिलीय."

"कुठं दिलीय?"

"अहो, दिलीय म्हणते ना!"

"मग हातात द्या!"

"हातात कशी देऊ सूट?" मॅडम माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जणू दुखणं पाण्याचं नसून डोक्याचं असावं. "सगळे पोहून बाहेर आले की तुम्ही थेट सायकलीवर बसायचं. पोहण्यातून तुम्हाला सूट आहे."

पोहण्यातून. सूट. दिली. दिला न्हवं, दिली!

बाई चुकत नव्हती हो! शुद्ध बोलत होती! मी तोंड उघडणार तेवढ्यात माईकवरनं आवाज आला, "वैद्यकीय कारणानं पोहण्यातून पूर्ण सूट मिळालेले आपले रामनगरचे काका! जोरदार टाळ्या!"

सगळ्यात जोरात टाळ्या सासरवाडीनं वाजवल्या. सासूबाईंनी तर आभाळाकडं बघून हात जोडले.

"मॅडम, मला सूट नको!"

"मग सूट न घालता पोहणार? पाणी फार गार आहे हो."

"ती बी नको, तो बी नको! मला नुसतं पाण्यात सोडा!"

त्यांनी मला समजावलं, कुणाला तरी विचारलं, शेवटी कंटाळून टोपी हातात दिली. "बरोबर होडी राहील. दमलात की बसायचं." बाकीचे पुढं गेले होते. मी शर्ट फेकला, पोहायचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्या उशीच्या चड्डीवर धावत पाण्यात घुसलो.

गार? अंगातली हाडं वाजत होती! आतली उशी पाणी पिऊन पिऊन एवढी फुगली की मागनं कुणी धरून ठेवल्यासारखं वाटत होतं. होडीवाला सारखा विचारायचा, "काका, बसताय काय?" तोंड वर आलं की मी "न्हाई!" म्हणायचो आणि परत आत. मला रडू येत होतं, रागही येत होता, स्वतःचाच. पण हात थांबवला न्हाई. पाणी खाल्लं, शेवाळ खाल्लं, उलटी झाली, तरी न्हाई. सगळ्यांच्या मागनं का होईना, शेवटी पायाला चिखल लागला. मी उभा राहिलो. स्वतःच्या पायावर! दोर न्हाई, होडी न्हाई, कुणाचा हात न्हाई. दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली आणि दगडाकडं बघितलं.

दगड रिकामा.

काठावर आमचं एक माणूस न्हाई! मॅडमनीच सांगितलं, माझं पोहणं न्हाई हे माईकवरनं कळल्यावर, अजून पुष्कळ वेळ हाय म्हणून सगळी मंडळी टेकडीपलीकडं नाष्ट्याला गेली होती. मंगलही आईला धरून चढ चढवायला गेली होती. तिला वाटलं, डॉक्टरांनीच मोडता घातला.

मी धडपडत सायकलीपाशी पोचलो. पुढं सायकल मारली, पळालो, सगळं पुरं केलं, ते वेगळं. पण तेव्हा मी तिथं थरथरत उभा, अंगातनं पाणी गळतंय, आणि समोरनं सगळी सासरवाडी तृप्त ढेकर देत आली.

नंदूनं मला वरपासनं खालपर्यंत बघितलं. "काय ओ भावजी, अंघोळ केलासा?"

"अंघोळ न्हवं! पोहून आलोय! सगळं पुरं करून!"

"पूर्ण सूट असताना?" नंदूनं काकांकडं बघून डोळा मारला. "व्हय, व्हय. पोहलासा. आमी कुठं न्हाई म्हणतोय?"

"त्या होडीवाल्याला विचार!" होडी तोवर पार पलीकडच्या काठाला पोचली होती. एकटी मंगल माझ्या डोळ्यांभोवती उठलेले चष्म्याचे वळ बघत होती, आणि तिला हसू आवरत नव्हतं.

तेवढ्यात सासूबाई पुढं आल्या. पदरानं माझं डोकं खसाखसा पुसत लेकीवर ओरडल्या, "मंगल, एवढ्या गारठ्यात ह्यांना गार पाण्यानं अंघोळ करू दिलीस व्हय गं? जरा गरम करून घालायचं न्हाई?"