पेटी उघडायच्या आधी

आमच्या गावात फादरनी पवित्र पाणी शिंपडल्याशिवाय नवी वस्तू वापरात येत नसे, मग तो विहिरीवरचा पंप का असेना. आईचा हट्ट त्याच्याही पुढचा. आधीच्या कारखान्यात लोखंड कातायच्या लेथ मशीनवर बाबांचं एक बोट गेलं होतं. ते मशीन आशीर्वादाशिवाय घाईने चालू केलं म्हणूनच असं झालं, हे तिच्या डोक्यातून कधी गेलं नाही. पुढे बाबांनी वालीवला स्वतःचा गाळा घेतला आणि परदेशातून एक वापरलेला लेथ मागवला, तेव्हा तिने आधी शब्द घेतला.

"फादर येईपर्यंत पेटीची एक फळीपण काढाची नाय."

बाबांनी हसत हसत शब्द दिला.

पेटी मुंबईच्या गोदीत अडकली. मशीनची किंमत कमी दाखवली आहे, असं कस्टमवाल्यांचं म्हणणं. जास्तीचा कर भरा, दंड भरा, मग न्या. किंमत खरी होती. आयुष्यात भाजीवालीशी घासाघीस न केलेले आमचे बाबा हायकोर्टात गेले. दोन पावसाळे गेले. गाळ्यात लेथसाठी सिमेंटचा चौथरा बांधून तयार होता. दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की बाबा जाऊन तो झाडून यायचे. मला ते बघवत नसे.

शेवटी हुकूम झाला: हमीपत्रावर मशीन सोडा. आई घरातल्या आल्तारापुढे, क्रुसासमोर बसून रडली.

इंग्रजी कागद वाचायला म्हणून बाबांनी मला गोदीत नेलं. पेटी उघड्यावर होती, वरची ताडपत्री फाटलेली, फळ्या काळ्या पडलेल्या. आमचा एजंट म्हणाला, "शेठ, इथंच उघडून बघा. काही खराब झालं असेल तर आत्ताच नोंद करून घेऊ. एकदा का चांगल्या स्थितीत मिळालं म्हणून सही केलीत, की भरपाई विसरा."

बाबांनी फळीवरून हात फिरवला. "घरी शब्द दिलाय," म्हणाले, आणि सही केली. मी चिडून काहीबाही बोलले. ते ऐकून घेतलं त्यांनी.

गाळ्यात सगळं गाव जमलं. फादरनी प्रार्थना केली, पाणी शिंपडलं, मग फळ्या निघाल्या. आतून तांबडं पाणी वाहत चौथऱ्यावर आलं. बाबांनी नखाने गंज खरवडला. खाली लोखंड पोखरून गेलं होतं.

आईने विचारलं, "आता भरून देतील ना ते?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "नाय देत," ते तिला म्हणाले. "कायदाच तसा हाय."

गाळा गेला. बाबा निवृत्त होईपर्यंत दुसऱ्याच्या लेथवर राबले. आई रोज संध्याकाळी रोझरीची माळ जपून संपली की एक प्रार्थना जास्तीची म्हणायची: "माझ्या माणसाचं मशीन कुजवणाऱ्यांना देवा, सुबुद्धी दे." बाबा मोठ्याने आमेन म्हणायचे. मला दोघांचाही संताप यायचा. कितीदा वाटलं, आईला त्या सहीचं सांगून टाकावं.

आईला पुरून आलो त्या संध्याकाळी आम्ही दोघंच रोझरीला बसलो. शेवटी मी उठायला लागले, तर बाबांनी हात धरून मला खाली बसवलं. डोळे मिटून, तिच्याच शब्दांत, त्यांनी तिची ती प्रार्थना म्हटली.

आमेन म्हणायला आता मीच होते. माझ्या तोंडून ते लवकर निघेना.