पान वाढल्यावर घ्यायचं इन्सुलिन

सोनपेठच्या पंचक्रोशीत मी पौरोहित्य करतो. लग्न, वास्तुशांत, सत्यनारायण सगळंच करतो, पण जास्त जाणं होतं ते गोदाकाठी, दहाव्याच्या विधीला. या कामात जेवायची वेळ यजमानाच्या हातात नसते आणि माझ्याही नसते. पिंडाला कावळा शिवेपर्यंत कुणी अन्नाला हात लावत नाही. तो कधी चटकन येतो, कधी ऊन डोक्यावर आलं तरी येत नाही.

मला मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली. गोळ्या पुरेनात तेव्हा इन्सुलिन सुरू झालं, सकाळ-संध्याकाळचं, दुधाळ रंगाचं. इंजेक्शनचं पेन दोन्ही तळव्यांत हलकं घोळवायचं, पोटाला टोचायचं आणि अर्ध्या तासात जेवायचं, असं मला बजावलं होतं. पण दहाव्याच्या सकाळी पोटभर जेवून घाटावर जाणं मनाला पटत नसे. मग टोचून घ्यायचो, वर कपभर दूध प्यायचो आणि निघायचो. तसंच निभावत होतो.

गेल्या वर्षी एका दहाव्याला कावळा येईना. गेलेला माणूस शेतकरी, माझ्यापेक्षा थोडा मोठा. त्याचा मुलगा पिंडासमोर हात जोडून बापाला म्हणत होता, "तुमचं काय ऱ्हायलं असंल तर आमी करू, दादा." मला घाम सुटला, तो उन्हाचा वाटला. मग हात थरथरायला लागले. आणि लक्षात आलं, की मी एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतोय. लहानपणापासून पाठ असलेल्या मंत्राची पुढची ओळ सापडतच नव्हती. भीतीसुद्धा वाटली नाही. भीती वाटायलाही डोकं ठिकाणावर असावं लागतं.

ओळखलं ते गेलेल्या माणसाच्या बायकोनं. ती मागे बायकांत बसली होती. उठून सरळ माझ्यासमोर आली.

"महाराजांची शुगर उतरलीय," ती मुलाला म्हणाली. "तुज्या बापाला बी असंच व्हायचं. साखर कुठंय?"

साखर होती ती पिंडाच्या साहित्यातल्या पुडीत. कुणीतरी म्हणालं, "माय, ती विधीची हाय."

"असू दे. ज्यांच्यासाठी आणली, त्यायनी बी हेच केलं असतं."

तिनं पाण्याच्या तांब्यात पुडी रिकामी केली, बोटांनी ढवळलं आणि तांब्या माझ्या ओठांना लावला. "आधी हे प्या. मंत्र ऱ्हाऊ द्या."

मी प्यालो. थोड्या वेळानं नदी पुन्हा नदीसारखी दिसायला लागली. हरवलेली ओळ आपोआप तोंडात आली. नवरा जाऊन दहा दिवस झालेली ती बाई मला पदरानं वारा घालत होती. सगळे माझ्याकडे बघत असताना कावळा पिंडाला शिवून गेला होता. नेमका कधी, ते कुणीच पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात परभणीला डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि दुधाच्या कपासकट सगळं खरं सांगितलं.

"तुमच्या इन्सुलिनात दोन प्रकार एकत्र आहेत," त्या म्हणाल्या. "एक लवकर काम करणारं, एक सावकाश. टोचलं की ते जेवणाची वाट बघत नाही."

"मग काम सोडू का?"

"काम नका सोडू. इन्सुलिन बदलू." त्यांनी टेबलावर दोन पेनं ठेवली. "हे दिवसातून एकदा, ठरल्या वेळी. दिवसभर सारखं, हळूहळू पुरतं. हे दुसरं जेवणाचं. पान समोर आलं की घ्यायचं. जेवण नाही, तर हेही नाही."

"उपाशी असलो तरी पहिलं घ्यायचं?"

"घ्यायचं. तुम्ही उपाशी असता, पण शरीर नसतं. साठवलेली साखर लिव्हर रक्तात सोडतच असतं. त्याच्यासाठी ते."

मुंज झाल्यापासून मी एकादश्या धरतो. उपवासाचं महत्त्व लोकांना सांगत आलो. पण मी उपाशी असताना आत कुणीतरी मला न विचारता पान वाढत असतं, हे साठीजवळ आल्यावर कळलं. परतीच्या एसटीत कितीतरी वेळ पोटावर हात ठेवून बसलो होतो.

मात्रा बसायला काही आठवडे गेले. बोटाला टोचून साखर तपासायची सवय लागली. मग एका दहाव्याला दुपार कलेपर्यंत घाटावर थांबावं लागलं. साखर तपासली, तर जागच्या जागी. तो आकडा मी दोनदा बघितला. मंत्रातला एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता.

यजमानाच्या घरी पान वाढलं. मी सदरा थोडा वर केला आणि दुसरं पेन काढलं. पाण्यासारखं नितळ, थेंबभर औषध. ते बनवताना कुठंतरी, कुणीतरी बसून विचार केला असेल, की माणसाच्या जेवणाची वेळ ठरलेली नसते. मी त्यांना कधी भेटणार नाही, तेही मला ओळखत नाहीत. पण त्यांनी माझं ताट लक्षात ठेवलं होतं.

शेजारचे लोक घास हातात धरून बघत होते.

"जेवा आता, महाराज," यजमान म्हणाला.

मी पानाशेजारी भाताच्या चित्राहुती घातल्या आणि भात कालवायला घेतला.