वच्छलाचे गुडघे

लाखांदूरकडे रोवणा लागला की पहिली हाक वच्छलाला. चिखलात वाकून धानाचे पऱ्हे लावत मागे सरकायचं, यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. पन्नाशीच्या आतच तिचे गुडघे गेले.

निर्गुडीचा शेक झाला, बिब्ब्याने कातडी जाळून झाली. शेवटी सत्त्याहत्तर साली नवरा डोमा तिला एसटीने भंडाऱ्याला घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन मुंबईला होतं, त्याचीही खात्री नाही. इंजेक्शन देतो. काठी घ्या, आणि चिखलात उतरू नका."

इंजेक्शनने दुखणं थांबलं. थांबलं म्हणजे बरं झालं, असंच आम्ही सगळे समजलो. "आता तं काहीच दुखून नाही राहिलं," म्हणत ती धानाच्या बांधीत, पुन्हा चिखलात उतरली. गावातल्या एकाही शहाण्याने अडवलं नाही. रोवणा खोळंबला होता ना सगळ्यांचा!

पोळ्यापर्यंत तिला उभंही राहता येईना.

पुढच्या रोवण्याला डोमाने तिला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसवलं. बाया मागे सरकत तिच्याकडे येत होत्या, म्हणून तिला नुसत्या पाठी दिसत.

"मले तिकडच्या धुऱ्यावर बसवा जी," ती म्हणाली.

तिकडून तोंडं दिसली. पण ती तोंडं दूर दूर जात राहिली.