निरोगी बायकांची यादी

दुपारी खिमट डब्यात भरत होते, तेवढ्यात हॉस्पिटलमधून दिलीपचा, माझ्या नवऱ्याचा, फोन आला. "डबा आणू नकोस आता," एवढंच म्हणाला. मी विचारलं, "झोपल्यात का?" तर म्हणाला, "ताई गेली गं." या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

वसुधाताई माझ्या थोरल्या नणंद. मुलुंडला आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. त्यांचे वडील, म्हणजे माझे सासरे, गिरणीत होते. सासूबाईंची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. घरात सगळे त्याला नुसतं 'वात' म्हणायचे आणि तेल चोळायचे. ताई डॉक्टर झाल्या आणि त्या वाकड्या बोटांच्या मागेच आयुष्यभर लागल्या. सकाळी ओपीडी, दुपारी प्रयोगशाळा. मी एकदा विचारलं, हे होतं तरी कशाने? त्या म्हणाल्या, "सोसायटीचा वॉचमन घरच्याच माणसांना चोर समजून बडवायला लागला तर काय होईल? तसं. तो असं का करतो, ते मला शोधायचंय."

त्यासाठी आजारी बायकांचं रक्त लागायचं, आणि ताडून बघायला त्याच वयाच्या निरोगी बायकांचंही. आजारी मिळायच्या ढिगाने. निरोगी कुठून आणणार? पेशंटसोबत आलेल्या बहिणी, जावा, आमच्या इमारतीतल्या शेजारणी, असं करत यादी जमवली. तरी दोन-चार कमी पडत होत्या. मी म्हटलं, माझं घ्या. त्यांनी रीतसर फॉर्म भरला. सांधे दुखतात? नाही. सकाळी बोटं आखडतात? नाही.

दोन्ही उत्तरं खोटी होती. तेव्हा वर्षभर माझी बोटं सकाळी मिटत नव्हती. पण सासूबाईंचे हात मी पाहिले होते, आणि 'हो' म्हटलं की आपलेही तसेच होणार, ही भीती पोटात होती. शिवाय ताईंच्या एवढ्या मोठ्या कामात आपला हातभार लागतोय, याचा आनंदही होता. त्यात काही वावगं आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

कित्येक वर्षांच्या मेहनतीनंतर त्यांचा पेपर परदेशातल्या एका मोठ्या जर्नलने स्वीकारला. त्याच आठवड्यात त्या आमच्याकडे चहाला बसल्या असताना मी लोणच्याची बरणी उघडून घ्यायला शेजारच्या शीलाला हाक मारली. ताईंनी कप खाली ठेवला. माझा हात हातात घेऊन एकेक सांधा दाबला आणि विचारलं, "मीना, कधीपासून?" मला रडूच फुटलं.

नंतर चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या दिवसांत त्यांनी यादीतल्या प्रत्येक बाईला पुन्हा गाठलं. या वेळी 'त्रास आहे का' असं विचारलंच नाही. विचारलं, सकाळी कणीक कोण मळतं? मळण्याआधी हात गरम पाण्यात धरावे लागतात का? बऱ्याच जणी हसून 'हो' म्हणाल्या, त्यात काय विशेष, अशा थाटात.

ताईंनी पेपर मागे घेतला. मी वर जाऊन विनवलं, "माझं एकटीचं नाव काढा ना आणि छापा."

"एकटीचं असतं तर काढलंच असतं," त्या म्हणाल्या. "तू खोटं बोललीस, त्याचा राग आहेच मला. पण बायकांना 'त्रास आहे का' विचारून 'नाही' लिहून घेणारी मी. माझी आई जन्मभर 'नाही'च म्हणत होती की."

त्यांनी मला लगेच औषधं सुरू करायला लावली. आज माझी बोटं सरळ आहेत ती त्यांच्यामुळे. काम त्यांनी पहिल्यापासून केलं, पण तोवर दुसऱ्या कुणीतरी तेच शोधून छापलं होतं. मला त्यांनी एका शब्दाने ऐकवलं नाही. मला मात्र ते अजून सलतं.

तेव्हापासून रोज सव्वासातला कामावर निघताना त्या आमच्या दारात थांबायच्या, चप्पल न काढता हात पुढे करायच्या. मी तो जमेल तेवढ्या जोराने दाबायचा. कसं वाटतंय, हे त्या कधीच विचारायच्या नाहीत; माझ्या पकडीवरूनच त्यांना कळायचं. रिटायर झाल्यावरही फिरायला जाताना हे चालूच होतं. आता त्या वेळेला मी दार उघडते, आणि जिन्याकडे बघत राहते…

परवा तशीच उभी असताना बंगळुरूहून मुलाचा फोन आला. "आई, कशी आहेस?" 'मजेत' हा शब्द अगदी ओठावर आला होता. म्हटलं, "बरी नाहीये रे. बोटं आखडलीत. आणि आत्याची फार आठवण येते."

त्याने विचारलं, "कधीपासून?"

मी उंबऱ्यावरच बसले आणि त्याला पहिल्यापासून सांगायला लागले.