डाव्या बाजूच्या पाच ओळी

काशिनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याचंच अर्धवट काम दुसऱ्या गवंड्याला दाखवत होते. फोनवर त्याचा मेहुणा होता. "बाई, काशिनाथभाऊ गेले. सकाळी चा घेतला आन् बसल्या जागी..." मी म्हटलं, "पन्नाशीचा धडधाकट माणूस तो, काहीतरीच काय बोलता!" आणि चक्क फोन ठेवून दिला. मग मीच परत लावला. तीन आठवडे झाले, अजून खरं वाटत नाही.

चिंचणीतल्या आमच्या जुन्या घरात एक फायरप्लेस आहे. जानेवारीतही जिथे एका गोधडीवर भागतं, तिथे कुणा हौशी पारशी मालकाने ती बांधली आणि नंतरच्यांनी विटांवर ऑइलपेंट फासला. मला त्या विटा उघड्या हव्या होत्या. गाव हसलं, काशिनाथ हसला नाही. सालवडला राहणारा हा गवंडी बोईसरच्या सिमेंटच्या कामांना विटलेला होता. रंग खरवडून तो म्हणाला, "हिला सिमेंट नाय चालायचा बाई, ओल कोंडते. आमी चुनाच भरू." विटांमधल्या दरजा तो खिळ्याने उकरायचा, चुना पिंपात पाण्याखाली मुरवायचा आणि वाळूची चिमूट जिभेवर ठेवून चाखायचा. उजवी बाजू अशी काही देखणी झाली की मी रोज संध्याकाळी नुसती बघत बसायची.

पण लेकीच्या सासरची माणसं यायची होती आणि मला घाई झाली. त्याला न विचारता मी वाळू मागवली. त्याने चाखली, थुंकली. "खाडीची हाय. लोणा येईल, खार फुटून विटा झडतील. परत पाठवा." पाहुण्यांचा दिवस चुकणार म्हणून माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं शाळेत वापरलेला आवाज लावून मी म्हटलं, "घर माझं आहे. जमत नसेल तर उद्यापासून येऊ नका." त्याने थापी धुतली, "बरं बाई" म्हणाला आणि गेला.

पुढचे पंधरा दिवस मी फोन हातात घ्यायची आणि ठेवायची. येईल की आपणहून, असं वाटायचं... माझा हेका, दुसरं काय! शेवटी मी दुसरा गवंडी बोलावला आणि त्याच दिवशी तो फोन आला.

भेटायला गेले तर त्याच्या बायकोने मलाच पाणी दिलं, जवळ बसवलं. म्हणाली, "घरी कवाधरना बसून होते, पन दुसरा काम घेतला नाय. मी इचारला का बोलायचे, बाईंचा चुना मुरतेय, मुरला का त्या बोलावतील." मी हाकलल्याचं त्याने घरात सांगितलंच नव्हतं. मग तिने विचारलं, "मुरला का ओ बाई?"

मी नुसती 'हो' म्हणून मान हलवली. मीच त्याला हाकललं होतं, हे सांगायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या गवंड्याला मी नको म्हणून कळवलं आहे. डाव्या बाजूच्या विटांच्या पाच ओळींमधल्या दरजा रिकाम्या आहेत. चुना केव्हाच मुरला होता. बोलावणं तेवढं मी केलं नाही.