डमीले हात लावू नका

अमरावतीतला तो हॉल आठवला की आजही माहं डोकं तापते. एका प्रायव्हेट इन्स्टिट्यूटचा हॉल. चकाचक फरशी, भिंतीवर ॲम्ब्युलन्सचे मोठाले फोटो, आणि टेबलावर सीपीआर शिकवायची डमी. कमरेपर्यंतचा रबरी माणूस. आणि त्याच्यावर कंपनीचं प्लॅस्टिक तसंच! आपल्याकडं नव्या सोफ्याचं वर्षभर काढत नाहीत ना, तस्सं.

पण मले एवढा राग काहून आला ते पयले सांगते.

आमचा फुलांचा धंदा. बाबा अकोटच्या आठवडी बाजारात झेंडू-शेवंती घेऊन बसतात. बारावीची परीक्षा झाली तशी मीही बसायले लागली. बाजूले केळीवाले काका. एका दुपारी तराजू धरल्या धरल्या ते आडवे झाले. झालं! सारा बाजार जमा. "मिरगी आली, मिरगी! कांदा आना!" कांदा कोनी आनला? मी. मीच बुक्कीनं फोडला आणि मीच त्याइच्या नाकाले धरून बसली. कोनी म्हणे चप्पल हुंगवा, कोनी म्हणे हातात लोखंड द्या. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत हाच तमाशा. त्यातल्या माणसानं गळ्याले बोटं लावली, माहा हात बाजूले सारला आणि छाती दाबायले लागला. घामानं निथळून गेला तरी थांबला नाही. काका वाचले नाहीत. मिरगी नव्हतीच. हृदय बंद पडलं होतं, आणि मी कांदा हुंगवून राहिली होती!

बारा वर्षं शाळेत गेली मी. बेडकाच्या हृदयाचे कप्पे पाठ आहेत मले. माणसाचं बंद पडलं तर काय करायचं, हे एकानंही नाही सांगतलं.

मंग ठरवलं, हेच शिकायचं, त्या ॲम्ब्युलन्सवाल्या माणसाचं काम. रस्ते दोन. एक, अमरावतीचा एका वर्षाचा डिप्लोमा. दुसरा, अकोल्याची तीन वर्षांची डिग्री, तिथं पयल्या वर्षापासून मोठ्या दवाखान्यात खऱ्या पेशंटजवळ ड्युटी. मले अकोलाच पायजे होतं. पयल्या यादीत नाव नाही लागलं, दुसरीची वाट पाहून राहिली होती.

पण मामाले कुठं धीर! आईचा मोठा भाऊ. त्याच्या शब्दाबाहेर आमच्या घरात चहाही उकळत नाही. अमरावतीच्या इन्स्टिट्यूटचे सर त्याच्या सोयऱ्यातले. "एका वर्षात मोकळी. हजेरीचं टेन्शन नाही. घरी बसली तरी सर्टिफिकेट हातात. पोरीले अजून काय पायजे?" घरी बसून?! घरी बसून कोनाची छाती दाबू मी, तुही? असं तोंडावर आलं होतं, गिळलं. आणि यानं काय केलं, तं मी अंघोळीले गेली तेव्हा माही ओरिजिनल टीसी आन मार्कशीट उचलली आणि अमरावतीले जमा करून टाकली. मले न विचारता!! बाबा तिथंच बसले होते. चूप.

आठ दिवसांनी मामा मले इन्स्टिट्यूट दाखवायले घेऊन गेला. सर म्हणे, "ही आपली डमी. इम्पोर्टेड."

"दाबून पाहू सर?"

"हात लावू नका ताई, खराब होते."

"मंग शिकवता कशी?"

"व्हिडिओ आहेत ना. तपासणीवाले आले की काढतो आपण प्लॅस्टिक."

मी नखानं टेप ओढली आणि टराटरा काढलं सारं. दोन्ही हात ठेवले, दाबलं. "सर, बरोबर आहे का? किती दाबायचं?"

सर मामाकडं पाहायले लागले.

"गप बस वं! लोकं पाहून राहिले," मामा म्हणे.

"पाहू दे ना. सर, किती?"

"ते पुस्तकात आहे," सर म्हणे.

पुस्तकात आहे! परतीच्या एसटीत मामानं तोंडावर रुमाल टाकून झोपेचं सोंग घेतलं. मी बोलली, खिडकीकडं तोंड करून, मोठ्यानं, कंडक्टरनंही वळून पाहिलं.

त्याच आठवड्यात दुसरी यादी लागली. अकोला! माहं नाव! ओरिजिनल कागद दुसऱ्या दिवशी पाच वाजेपर्यंत जमा करायचे. दुसऱ्या दिवशी पहाटेच मी बाबाले म्हटलं, "आता तरी चाला माह्यासंग." राग त्याइच्यावरही होता. ते उठले, चप्पल घातली, पयल्या गाडीनं आमी अमरावतीले.

क्लार्क म्हणे, "सर बाहेरगावी आहेत. त्याइच्याशिवाय कपाट उघडत नाही."

"बसतो आमी," बाबा म्हणे.

"संध्याकाळ होईल."

"साहेब, मी बाजारात दिवसभर बसतो. सवय आहे मले."

क्लार्क हसला. "अन् ताई, तीन वर्षं कशाले? तवर लग्नाचं वय निघून जाईन ना."

"ते आमी पाहू," बाबा म्हणे. "तुमी कपाट पाहा." आयुष्यात पयल्यांदा त्याइच्या तोंडून असं ऐकलं मी.

एक वाजला. दीड वाजला. मले घड्याळ खाऊन राहिलं होतं. तेवढ्यात एक काकू आपल्या पोरीले घेऊन चौकशीले आल्या. क्लार्कनं लगेच गोड आवाजात सुरू केलं, इम्पोर्टेड डमी वगैरे. मी उठली. "काकू, त्या डमीले हात लावू देतात का, ते विचारा. किती दाबायचं तेही विचारा. मी विचारलं तं यांच्या सरले सांगता आलं नाही. आणि कागद देऊ नका, परत भेटत नाहीत. आमी सकाळपासून बसून आहो!"

काकूनं पोरीची फाइल छातीशी धरली.

सर बाहेरगावी होते ना? कपाटाची चाबी क्लार्कच्याच खिशात होती! दोन मिनिटांत टीसी आन मार्कशीट टेबलावर आदळली. मी नाव, सही, शिक्का सारं तिथंच तपासलं आणि पळत सुटली, बाबा मागून.

मूर्तिजापूरले गाडी वीस मिनिटं उभी राहिली. मी ड्रायव्हरले दोनदा सांगतलं, तिसऱ्यांदा बाबानं हात धरून बसवलं. अकोल्याच्या कॉलेजच्या खिडकीवर पोचलो तेव्हा पाचाले दहा कमी. मॅडमनं कागद घेतले, पावती दिली. झाली ॲडमिशन.

बाहेर आली तं मोबाइलवर मामाचा मेसेज. "समजलं मले. सोयऱ्यात नाक कापलं माहं. कर तुह्या मर्जीनं."

मी मोठं उत्तर टाइप केलं, खोडलं. परत टाइप केलं, परत खोडलं. शेवटी एवढंच पाठवलं, "हो. माह्याच मर्जीनं."